पाठ, गादी आणि रबराची २२ रोपं

मराठीत ‘गादी’ हा शब्द झोपण्यापेक्षा बसण्याशी जास्त जोडलेला आहे. १७३१ साली वारणेचा तह झाला आणि सातारची गादी, कोल्हापूरची गादी अशा दोन गाद्यांवर शिक्कामोर्तब झालं. व्यापाऱ्याची पेढी गादीवरून चालायची. मठाचा अधिकार गादीवर बसणाऱ्याकडे जायचा. गादी म्हणजे मान. सामान्य माणूस झोपायचा तो घोंगडीवर, वाकळेवर किंवा सुंभाने विणलेल्या बाजेवर. आज सिंगापूरच्या एखाद्या मॉलमध्ये ‘लक्झरी मॅट्रेस’ अशी पाटी दिसते. आपल्या पणजोबांना त्या दोन शब्दांतला एक जास्तीचा वाटला असता.

तुम्ही मात्र त्या दुकानात मानासाठी जात नाही. सकाळी उठताना कंबर धरलेली असते. किंवा लेकाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या आईला कुशीवर झोपलं की खांदा आणि खुबा ठणकतो. विक्रेता ‘हायब्रिड’, ‘ऑर्थोपेडिक’, ‘पॉकेट स्प्रिंग’, ‘नॅचरल लेटेक्स’ असे शब्द पुढे करतो आणि किंमत काही हजार डॉलर सांगतो. त्याच संध्याकाळी पुण्याहून फोनवर काका सांगतात, “कशाला एवढे पैसे घालतोस? पाठीला कडक अंथरूणच बरं. जमिनीवर सतरंजी टाक आणि झोप.” या दोन्ही सल्ल्यांना इतिहास आहे. तो माहीत असला तर कुणाचं किती ऐकायचं ते ठरवणं सोपं जातं.

आपल्या घरापासून सुरुवात करू. आपल्याकडची गादी कापसाची. नवी असताना ती फुगलेली असते, पण कापसाच्या तंतूंना स्प्रिंगसारखं परत वर येणं जमत नाही. वजनाखाली ते दबतात, त्यांचे गोळे होतात, मध्ये खळगा पडतो. म्हणून दारावर पिंजारी यायचा. गादी उसवायची, पिंजणीच्या तातीवर ठोके देत कापूस मोकळा करायचा, ऊन दाखवायचं, पुन्हा भरून दोरे घालायचे. गादी ही अशी दर काही वर्षांनी दुरुस्त करण्याची वस्तू होती. शिवाय ती रोज सकाळी गुंडाळून ठेवायची असे. चाळीतल्या खोलीत रात्रीची झोपायची जागा दिवसा बसायची जागा व्हायची, तेव्हा गादी पातळ असणंच सोयीचं होतं. दबलेला कापूस, पातळ थर आणि खाली फरशी, यातून आपली ‘कडक अंथरुणाची’ सवय तयार झाली. त्यात वैद्यकशास्त्रापेक्षा जागेचा हिशेब जास्त होता.

सिंगापूरची जुनी गादीही झाडावरच्या कापसाचीच. इथे ती कपोकने भरत. कपोक म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीच्या बोंडातला मऊ कापूस. आजीच्या उशीतला शेवरीचा कापूस आठवा. शब्द मूळ मलय भाषेतला. कपोक हलका असतो, पाणी पटकन धरत नाही, म्हणून दमट हवेत तो बरा. पण दबून गोळे होण्याचं त्याचं दुखणं आपल्या कापसासारखंच.

दबलेलं परत वर आणायचं कसं, या प्रश्नाचं पश्चिमेकडचं पहिलं उत्तर होतं लोखंडी तार. एकोणिसाव्या शतकात गादीत स्प्रिंगा आल्या. त्या एकमेकींना बांधलेल्या असत, त्यामुळे एक दबली की शेजारच्याही दबायच्या आणि दोघं झोपलेली माणसं मधल्या खळग्यात घसरायची. १९००च्या आसपास कॅनडातल्या जेम्स मार्शल यांनी प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र कापडी पिशवीत शिवली. हीच आजची पॉकेट स्प्रिंग. खांद्याखालची स्प्रिंग दबली तरी कमरेखालची जागेवर राहते. कल्पना उत्तम, पण पिशव्या हाताने शिवायच्या असल्यामुळे गादी फार महाग पडे. १९२५ मध्ये अमेरिकेत सिमन्स कंपनीने हे काम यंत्रावर आणलं आणि त्यानंतर ती गादी श्रीमंतांच्या बाहेर पोचली.

दुसरं उत्तर सिंगापूरमधून गेलं. रविवारी मुलांना घेऊन तुम्ही ज्या बोटॅनिक गार्डनमध्ये फिरता, तिथे १८७७ साली लंडनच्या क्यू उद्यानातून रबराची २२ रोपं आली. त्यांचं बी आदल्या वर्षी हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून नेलं होतं. १८८८ मध्ये बागेचे प्रमुख म्हणून आलेल्या हेन्री रिडली यांनी झाडाला इजा न करता सालीला तिरकी खाच देऊन रोज चीक काढण्याची पद्धत बसवली. खिशात रबराच्या बिया घेऊन ते मळेवाल्यांना गळ घालत हिंडायचे. लोक त्यांना ‘वेडा रिडली’ म्हणत. १८९६ मध्ये मलाक्क्याच्या टॅन चे यान यांनी त्यांचं ऐकून पहिली व्यापारी लागवड केली. पुढे मोटारी आल्या, टायरला रबर लागलं आणि मलायाचं अर्थकारण बदलून गेलं.

टायर बनवणाऱ्या डनलॉप कंपनीच्या बर्मिंगहॅममधल्या प्रयोगशाळेत १९२९च्या सुमारास ई. ए. मर्फी यांनी रबराचा चीक अंडं फेटावं तसा घुसळला, फेस साच्यात ओतला आणि गंधकाच्या साहाय्याने पक्का केला. असंख्य बारीक छिद्रांचा, दाबला की लगेच परत उसळणारा हा फेस म्हणजे लेटेक्स फोम. ‘डनलॉपिलो’ नावाने तो जगभर गेला, आणि आपल्याकडे तर पुढे कुठलीही फोमची गादी ‘डनलॉपची गादी’च झाली. आज हायब्रिड गादीत ‘नॅचरल लेटेक्स’चा थर म्हणून ज्याचे जादा पैसे मागतात तो हाच. बोटॅनिक गार्डन २०१५ मध्ये जागतिक वारसास्थळ झालं त्यामागे रबराचा हा इतिहासही आहे.

तिसरी सामग्री कारखान्यातली. १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधलं आणि महायुद्धानंतर त्याचा स्वस्त मऊ फोम घरोघर गेला. १९६६ मध्ये नासासाठी विमानाच्या आसनांवर काम करताना चार्ल्स योस्ट यांनी मेमरी फोम तयार केला. तो अंगाच्या उबेने मऊ होतो, शरीराचा आकार घेतो आणि सावकाश परततो. दुखऱ्या सांध्यावरचा दाब तो छान पसरवतो. मात्र ऊब धरून ठेवणं हाही त्याचाच गुण. लंडनच्या हिवाळ्यात तो सुखाचा वाटतो. सिंगापूरला रात्रभर एसी न लावणाऱ्या घरात तोच फोम तुम्हाला घामाने जागं करेल.

आता ‘हायब्रिड’ या शब्दातलं गूढ संपतं. खाली मार्शलच्या पिशवीतल्या स्प्रिंगा, वर लेटेक्स किंवा फोमचा चांगला जाड थर. स्प्रिंगांचं काम शरीर उचलून धरणं आणि हवा खेळती ठेवणं. वरच्या थराचं काम खांदा, खुबा, गुडघा या हाडांवरचा दाब कमी करणं. पाठदुखीला आधार हवा असतो, सांधेदुखीला मऊपणा. ज्याला दोन्ही दुखणी आहेत त्याच्यासाठी ही जोडणी तर्काला धरून आहे. चमत्कार मात्र त्यात कुठलाच नाही.

मग काकांचं ‘कडक अंथरूण’? विसाव्या शतकात बरेच डॉक्टर हेच सांगत. गादीखाली लाकडी फळी घाला म्हणत. सैल झालेली बाज, ढिली पडलेली नवार, मध्ये बसलेली स्प्रिंगची गादी यांच्या तुलनेत फळी खरोखर बरी होती. पण फळी बरी की मध्यम गादी बरी, हे कुणी नीट तपासलं नव्हतं. पाठ धरली की आठवडाभर पडून राहा, हा सल्लाही असाच चालत आलेला. १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती शेजारी ठेवून पाहिली. सात दिवस पडून राहणाऱ्यांना जास्तीचा फायदा झाला नाही, कामाचे दिवस मात्र जास्त बुडाले. गादीची पाळी २००३ मध्ये आली. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांनी स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन प्रकारच्या गाद्या दिल्या, काहींना कडक, काहींना मध्यम कडक. आपल्याला कुठली मिळाली हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांची अंथरुणातली आणि उठतानाची वेदना जास्त कमी झाली होती, हालचालही सुधारली होती. हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

कारण समजायला सोपं आहे. दगडासारख्या पृष्ठभागावर कुशीवर झोपलात तर खांदा आणि खुबा आत जात नाहीत, कमरेला आधार मिळत नाही आणि कणा वाकतो. फार मऊ गादीत खुबा खोल रुततो आणि कणा उलट बाजूला वाकतो. हवी ती मधली जागा. पण तो अभ्यास कंबरदुखीचा होता, संधिवाताचा नव्हता, आणि कुठल्याही महागड्या हायब्रिडची ती जाहिरात नव्हती, हेही लक्षात असू द्या.

आता दुकानात चला. ‘ऑर्थोपेडिक’ या शब्दामागे एकच ठरलेलं मोजमाप नाही आणि एका कंपनीचं ‘मीडियम फर्म’ दुसरीच्या ‘फर्म’सारखं असू शकतं. त्यामुळे पाटी वाचू नका, आडवे व्हा. बसून हाताने दाबणं हे परीक्षण नव्हे. बूट काढून, घरी झोपता त्याच कुशीवर, उशी घेऊन, निदान दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. पाठीवर झोपून कमरेखाली हात घाला. हात सैल फिरला तर गादी तुमच्यासाठी कडक आहे. अजिबात शिरला नाही तर मऊ. कुशीवर असताना सोबतच्याला मागून कणा सरळ दिसतो का ते पाहायला सांगा. वजन जास्त असेल तर थोडी कडक आणि शरीर हलकं असेल तर थोडी मऊ गादी लागते, म्हणून नवऱ्याला आवडलेली गादी बायकोला जमेलच असं नाही. दोघांनी पडून पाहा.

मग थरांची चौकशी करा. लेटेक्स किती सेंटिमीटर? त्यात नैसर्गिक किती? मेमरी फोम किती? स्प्रिंगांचा आकडा मोठा म्हणून गादी भारी, असं नाही. ठरावीक किमतीच्या पुढे तुम्ही रेशमी कापड, लोकर, शिलाई आणि नावाचे पैसे देत असता. ते द्यायला हरकत नाही, पण पाठीसाठी दिले असं समजू नका.

एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही: उंची. एचडीबीच्या घरात जागा वाचवायला आपण खाली कप्प्याचा, वर उचलायचा पलंग घेतो. त्यावर ३० सेंटिमीटरची हायब्रिड ठेवली की पाच फूट उंचीच्या आईचे पाय जमिनीला टेकत नाहीत. गुडघे दुखणाऱ्या माणसाने कडेवर बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि खुबा गुडघ्यांच्या पातळीत किंवा किंचित वर हवा. घरूनच टेप घेऊन जा, पलंग आणि गादी यांची बेरीज करा. कडेचा आधारही बसून पाहा, कारण म्हातारी माणसं कडेवर टेकूनच उठतात. आणि काकांच्या सतरंजीवरून पहाटे उठणं हे दुखऱ्या गुडघ्यांना शिक्षा आहे, हे त्यांना प्रेमाने सांगा.

मापांचंही बघा. इथली क्वीन १५२ बाय १९० सेंटिमीटर, म्हणजे अमेरिकन क्वीनपेक्षा लांबीला आखूड. ‘सुपर सिंगल’ १०७ सेंटिमीटर रुंद. भारतातून किंवा अमेरिकेतून आणलेल्या चादरी बसतीलच असं नाही. दमट हवेत धुळीतले कीटक वाढतात, त्यामुळे धुता येणारं कव्हर घ्या आणि गादी बंद फळीवर न ठेवता पट्ट्यांच्या पलंगावर ठेवा. आजी गादी उन्हात टाकायची त्यामागचं शहाणपण हेच होतं. पावती जपा. १ सप्टेंबर २०१२ पासून सिंगापुरात लागू असलेल्या ‘लेमन लॉ’नुसार सहा महिन्यांत दोष दिसला तर तो सहसा आधीपासूनच होता असं धरलं जातं. मात्र ‘मला मानवली नाही’ हा दोष ठरत नाही. म्हणून घरी झोपून पाहण्याची मुदत आणि परत देण्याचा खर्च लेखी घ्या.

शेवटी गादीच्या मर्यादेचं. जुनी गादी बसली असेल, किंवा सकाळी उठताना दुखतं आणि अर्ध्या तासात मोकळं होतं, परगावी दुसऱ्या अंथरुणावर बरं वाटतं, तर गादी बदलण्यात अर्थ आहे. पण सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, सांधे सुजत असतील, रात्रीच्या वेदनेने जाग येत असेल, वजन उतरत असेल किंवा ताप येत असेल, तर आधी पॉलिक्लिनिक गाठा. पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी थेट रुग्णालयात जा. त्यावर कुठल्याच दुकानात उपाय नाही.

पिंजारी आता दारावर येत नाही आणि आजची गादी उसवून भरताही येत नाही. ती आठ-दहा वर्षं जशी आहे तशीच सांभाळावी लागते. म्हणून घेताना घाई नको. आईला सोबत न्या, तिला आडवं व्हायला सांगा, आणि ती “ठीक आहे रे, चालेल” म्हणाली तर पुन्हा एकदा विचारा.