शापापलीकडचे बेला गुटमन

१/
फुटबॉलच्या इतिहासात एक शाप फार प्रसिद्ध आहे. १९६२ साली लिस्बनचा बेन्फिका क्लब सोडताना प्रशिक्षक बेला गुटमन म्हणे म्हणाले, की यापुढे शंभर वर्षे हा क्लब युरोपचा विजेता होणार नाही. त्यानंतर बेन्फिकाचा पुरुष संघ युरोपीय स्पर्धांचे आठ अंतिम सामने खेळला आणि आठही हरला. गोष्ट रंजक आहे. पण तिच्याआड एका माणसाचे अवघे आयुष्य झाकले गेले. आजचा थ्रेड त्या आयुष्याविषयी.

२/
गुटमन यांचा जन्म १८९९ चा, बुडापेस्टमधील एका ज्यू कुटुंबातला. आईवडील नृत्यशिक्षक होते. त्या काळी संघ २-३-५ अशा रचनेत खेळत: मागे दोन, मध्ये तिघे, पुढे पाच. मधल्या तिघांच्या केंद्रस्थानी असे तो ‘सेंटर-हाफ’. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू अडवायचा आणि तोच चेंडू पुढच्या पाचांना पुरवायचा, अशी दुहेरी जबाबदारी त्याच्यावर असे. आजच्या भाषेत मिडफिल्डर. गुटमन याच जागेवर घडले. एमटीके या नामांकित क्लबाकडून १९२० आणि १९२१ मध्ये ते हंगेरीचे लीगविजेते ठरले.

३/
मात्र पहिल्या महायुद्धानंतरच्या हंगेरीत ज्यूद्वेष उघडपणे राज्यकारभारात शिरला होता. विद्यापीठांतील ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारा कायदा १९२० मध्येच झाला. १९२२ मध्ये गुटमन व्हिएन्नाच्या हाकोआ क्लबात दाखल झाले. हाकोआ या हिब्रू शब्दाचा अर्थ सामर्थ्य. ज्यू म्हणजे दुबळे, या हेटाळणीला मैदानावर उत्तर देण्यासाठी उभा राहिलेला हा ज्यूंचा क्लब होता.

४/
१९२५ मध्ये हाकोआने ऑस्ट्रियाची लीग जिंकली. पुढच्या वर्षी संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा न्यूयॉर्कमधील एका सामन्याला सुमारे ४६,००० प्रेक्षक लोटले. अनेक खेळाडू तिथेच राहिले, त्यांत गुटमनही होते. पुढे महामंदीत त्यांची कमाई बुडाली. १९३२ मध्ये ते व्हिएन्नाला परतले आणि १९३३ मध्ये हाकोआचेच प्रशिक्षक झाले.

५/
मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि नाझींनी हाकोआ बंद पाडला. गुटमन मायदेशी परतले. १९३९ मध्ये त्यांच्या उइपेश्त संघाने हंगेरीची लीग आणि मध्य युरोपातील मानाचा मित्रोपा चषक, अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली. एवढे यश पदरी असूनही हंगेरीतील ज्यूविरोधी कायद्यांपुढे त्यांचे पद टिकले नाही.

६/
मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. गुटमन उइपेश्तमध्ये मेहुण्याच्या केशकर्तनालयावरील माळ्यावर लपून राहिले. पुढे त्यांना श्रमछावणीत डांबण्यात आले. तेथून पुढे रवानगी होण्याच्या बेतात असताना, १९४४ च्या अखेरीस, ते काही सोबत्यांसह निसटले. सोबत्यांत एर्नो एर्बस्टाइन हेही होते. इटलीतील तोरिनो या महान संघाचे हे शिल्पकार पुढे १९४९ च्या सुपेर्गा विमान अपघातात संघासह मरण पावले. गुटमन वाचले, त्यांचे वडील, बहीण आणि अनेक आप्त नाझी वंशसंहारात मारले गेले.

७/
या दिवसांविषयी गुटमन यांनी जवळपास मौनच पाळले. त्यांनी युद्धकाळ स्वित्झर्लंडमध्ये काढला असावा, असा समज कित्येक दशके प्रचलित होता. तो खोडून निघाला अलीकडच्या संशोधनात. शापाची कथा जगभर तोंडपाठ असताना माळ्यावरचे ते दिवस मात्र अंधारात राहिले होते.

८/
युद्धानंतर त्यांची भटकंती पुन्हा सुरू झाली. रोमानियात अन्नटंचाई होती. तिथे ते वेतनाचा काही भाग भाजीपाल्याच्या रूपाने घेत, असे सांगतात. १९४८ मध्ये बुडापेस्टच्या किश्पेश्त संघात तरुण फेरेन्त्स पुश्काश याच्याशी त्यांचे भर सामन्यात बिनसले. मैदानावर प्रशिक्षकाचा शब्द चालत नसेल तर त्या पदात अर्थ नाही, हे ठरवून ते पायउतार झाले. पुश्काश हे नाव लक्षात ठेवावे.

९/
१९५५ मध्ये एसी मिलान गुणतक्त्यात अग्रस्थानी असताना क्लबाने त्यांना काढून टाकले. प्रशिक्षकासाठी तिसरा हंगाम घातक असतो, हे त्यांचे प्रसिद्ध मत. तोवर खेळाडू सरावतात, सुस्तावतात आणि प्रतिस्पर्धीही डावपेच ओळखून असतात. ज्याच्या पायाखालची जमीन वारंवार सरकली, त्याला मुक्काम लांबवण्याचा भरवसा वाटत नसेल, तर नवल ते काय!

१०/
१९५६ चा हंगेरीतील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. त्या सुमारास परदेशी असलेल्या होनवेद संघासोबत गुटमन १९५७ च्या प्रारंभी ब्राझीलला गेले आणि तिथेच थांबले. त्याच वर्षी त्यांच्या साओ पावलो संघाने राज्य विजेतेपद पटकावले. हंगेरियन वळणाचा ४-२-४ खेळ ब्राझीलमध्ये रुजण्यात त्यांचा वाटा होता. तो किती मोठा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत; कारण ब्राझीलचे स्वतःचे प्रयोगही तेव्हा सुरू होते.

११/
१९५९ मध्ये त्यांनी पोर्तोला पोर्तुगालची लीग जिंकून दिली आणि लगेच प्रतिस्पर्धी बेन्फिकाचा रस्ता धरला. तिथे १९६० व १९६१ अशी सलग दोन लीग विजेतेपदे आली. युरोपियन चषक तोवर पाचही वेळा रेआल माद्रिदने जिंकला होता. ३१ मे १९६१ रोजी बर्नमध्ये बार्सेलोनाला ३-२ असे नमवून बेन्फिकाने ती मक्तेदारी संपवली.

१२/
या संघाचा कणा असलेला मिडफिल्डर मारियो कोलुना मोझांबिकचा. डिसेंबर १९६० मध्ये लिस्बनला आलेला युसेबियोही तिथलाच. मोझांबिक तेव्हा पोर्तुगालची वसाहत होती. वसाहतींतील गुणवत्तेवर लिस्बन चषक उंचावत असताना साम्राज्याला तडे जात होते. १९६१ मध्ये अंगोलात सशस्त्र लढा पेटला आणि डिसेंबरात गोवा मुक्त झाला. बेन्फिकाचे दोन्ही युरोपीय चषक या घटनेच्या अलीकडे-पलीकडे आहेत.

१३/
२ मे १९६२, ॲम्स्टरडॅम. समोर रेआल माद्रिद आणि त्यांच्या संघात तोच पुश्काश. मध्यंतराआधीच त्याने तीन गोल केले; बेन्फिका २-३ असा मागे. उत्तरार्धात कोलुनाने बरोबरी साधली, युसेबियोने दोन गोल केले. अंतिम गुणफलक ५-३. गुटमन सलग दुसऱ्यांदा युरोपविजेते झाले.

१४/
त्यानंतर मोबदल्यावरून क्लबाशी त्यांचे फिसकटले आणि ते निघून गेले. शापाची कथा इथे सुरू होते. तिची परीक्षा अवघड नाही. शाप देऊन गेलेले गुटमन १९६५ मध्ये त्याच बेन्फिकाचे प्रशिक्षक म्हणून परतले होते! शंभर वर्षांचा तळतळाट मनात असता, तर तीन वर्षांतच त्याच दारी ते कशाला आले असते? पराभव साठत गेले, तसे त्यांना कारण हवे झाले. आणि भांडून गेलेला माणूस कारण म्हणून सोयीचा होता.

१५/
गुटमन १९८१ मध्ये व्हिएन्नात वारले. १९९० चा अंतिम सामना त्याच शहरात होता. त्याआधी युसेबियोने त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली, असे सांगतात. बेन्फिका तरीही हरला. २०१४ मध्ये क्लबाने आपल्या स्टेडियमवर त्यांचा पुतळा उभारला. त्याच्या हाती दोन चषक आहेत.

१६/
आख्यायिका वाचताना तिच्या खरेपणाइतकेच आणखी एक विचारावे: हिच्यामुळे काय दिसेनासे झाले? इथे उत्तर दोन तारखांत आहे. १९४४ च्या अखेरीस हा माणूस जीव मुठीत धरून छावणीतून पळाला. मे १९६१ मध्ये त्याचा संघ युरोपचा विजेता झाला. मध्ये अवघी साडेसोळा वर्षे गेली होती. गुटमन यांच्या चरित्रातील खरोखर अविश्वसनीय गोष्ट ही आहे, आणि तिला पुराव्याचा आधार आहे.