हिरव्या वासाची कुळकथा

गवत कापल्यावर येणारा तो ताजा, हिरवा वास पात्यात आधी नसतोच. पातं तुटलं की काही सेकंदांत वनस्पती तो घडवते. हे कळायला फार वेळ लागला, कारण हाती धागे आले तेच विस्कळीत.

१९१२ मध्ये जर्मनीत कर्टियस आणि फ्रान्झेन यांनी हॉर्नबीम या झाडाच्या पानांतून सहा कार्बनांचं अल्डिहाइड वेगळं काढलं. ते पानात कशापासून होतं, हा प्रश्न तसाच राहिला. वीसेक वर्षांनी आंद्रे आणि हाऊ यांना सोयाबीनमध्ये असं विकर सापडलं, की जे मेदाम्लाला हवेतला ऑक्सिजन जोडतं. त्याचा वासाशी संबंध कोणी लावला नाही. बेकरीवाल्यांना मात्र त्याचा उपयोग झाला: पिठात थोडं सोयापीठ मिसळलं की पिवळेपणा जाऊन पाव पांढरा होतो. १९३९ मध्ये अमेरिकेत बॉनर आणि सहकाऱ्यांनी घेवड्याच्या शेंगांतून जखमेजवळच्या पेशींना वाढायला लावणारं आम्ल मिळवलं. त्यात कार्बन होते बारा.

सहा आणि बारा मिळून अठरा! पानांतल्या लिनोलेनिक या मेदाम्लातही अठराच कार्बन असतात. सोयाबीनमध्ये सापडलेल्या जातीचं विकर त्याच्या तेराव्या कार्बनावर ऑक्सिजन बसवतं आणि दुसरं विकर, लायेज, तिथेच साखळी तोडतं. सहा कार्बनांचा तुकडा हवेत उडतो, तोच आपल्याला येणारा वास. बारांचा मागे उरतो आणि त्यापासून ते जखमेचं आम्ल होतं. जपानमध्ये हातानाका यांनी चहाच्या पानांवर दीर्घकाळ काम करून या मार्गाचा मोठा भाग उलगडला. मला या साऱ्या कथेत सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच, की सुगंध आणि जखमेचं औषध एकाच रेणूपासून जन्मलेली भावंडं निघावीत.

सुगंध उद्योगाने पुढे हीच वाट धरली. जवसाच्या तेलातलं लिनोलेनिक आम्ल घ्यायचं, ऑक्सिजन जोडायला सोयापीठ, तोडायला पेरूचा लगदा. पेरूतलं लायेज चांगलं जोमदार असतं. पण ज्या रेणूला ते तोडतं, तोच त्याला निकामी करत जातो, म्हणून लगदा भरपूर लागतो. तयार झालेलं अल्डिहाइडही टिकाऊ नसतं. त्यामुळे मिश्रणात पावाचं यीस्ट घालतात, ते त्याचं स्थिर अल्कोहोल करून टाकतं. कारखान्यात रसायनांपासून हाच रेणू स्वस्तात बनतो, पण त्याला ‘नैसर्गिक’ म्हणता येत नाही. स्ट्रॉबेरीच्या किंवा सफरचंदाच्या स्वादात ताजेपणा आणायचा आणि वेष्टनावर ‘नैसर्गिक स्वाद’ छापायचा, तर जवस, सोयाबीन आणि पेरूचा रस्ता उपयोगी पडतो.