साधा तीळ की कॅन्सर? पेशीवरचा 'अँटेना' काय सांगतो

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी म्हणजे मेलॅनोसाइट. या पेशीवर केसासारखा, न हलणारा एकच तंतू असतो: प्रायमरी सिलियम. लांबी जेमतेम काही मायक्रॉन. अनेक दशकं तो निरुपयोगी अवशेष समजला जायचा. प्रत्यक्षात तो बाहेरचे रासायनिक संदेश पकडणारा अँटेना आहे. प्रयोगशाळेत तर सिलिया वाढल्यावर मेलॅनिन कमी बनल्याचंही दिसलंय. (लगेच गोरेपणाचं क्रीम शोधायला जाऊ नका!)

खरा मुद्दा कॅन्सरचा आहे. साध्या तिळातल्या बऱ्याच पेशींवर सिलिया टिकून असतात, मेलॅनोमात मात्र त्या जवळपास नाहीशा होतात. २०१८ मध्ये झुरिच विद्यापीठाच्या संशोधकांनी यामागचा एक दोषी दाखवला. ईझेडएच२ हे प्रथिन सिलियमसाठी लागणारी जनुकं बंद पाडतं आणि गाठ वाढायला वाट मिळते. काही तीळ मायक्रोस्कोपखाली पॅथॉलॉजिस्टलाही चकवतात, तिथे सिलिया मोजणं उपयोगी ठरू शकतं. अर्थात, ही अजून नेहमीची तपासणी नाही.

सावळ्या त्वचेत मेलॅनोमा कमी आढळतो. पण झालाच तर बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली, जिथे कुणी बघतच नाही. तिथला काळा डाग वाढत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.