जुना संगणक विकताना

सोलापुरात जुना माग विकायचा झाला, तर व्यवहार दोन माणसांत उरकतो. घेणारा माग चालवून पाहतो, भाव ठरतो, टेम्पो येतो. मागावर जेकार्ड असेल तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळही त्याच टेम्पोत चढते. चादरीवर मोर उमटायचा की वेलबुट्टी, हे त्या भोकांवर ठरते. फ्रान्समध्ये जोसेफ जेकार्डने ही युक्ती १८०४ च्या सुमारास बसवली. म्हणजे पुठ्ठ्यांची माळ हा मागाचा प्रोग्रॅमच म्हणायचा. पण माग तयार करणाऱ्या कंपनीला 'आता हा माग अमक्याचा झाला' असे कळवायला कोणी जात नाही.

तोच कारखानदार ऑफिसातला हिशेबाचा संगणक विकायला काढतो, तेव्हा गोष्ट बदलते. पडदा, कळफलक, डबा यांचा तो मालक आहे, यात वाद नाही. पण आत जी विंडोज आहे तिचे काय? पैसे तर तिचेही मोजलेले असतात. तरी कंपनीचा कागद सांगतो, आम्ही तुम्हाला काही विकलेलेच नाही, फक्त वापरण्याचा परवाना दिला आहे. हा परवाना दुसऱ्याला देता येतो का, या एका प्रश्नावर गेली चाळीस वर्षे जगभर कज्जे चालले आहेत.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मोठे संगणक होते तेव्हा प्रोग्रॅम यंत्राबरोबरच मिळायचे, त्यांचे वेगळे बिल नसायचे. आयबीएम कंपनीने १९६९ मध्ये प्रोग्रॅमची किंमत वेगळी लावायचे जाहीर केले आणि प्रोग्रॅम हा स्वतंत्र माल झाला. पुढे १९८१ मध्ये आयबीएमचा छोटा संगणक आला. त्याला लागणारी ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टने पुरवली, पण तिचा पाया मायक्रोसॉफ्टने घातलेला नव्हता. सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाच्या एका लहान कंपनीत टिम पॅटरसन या तरुणाने तो लिहिला होता. जुलै १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ५० हजार डॉलर देऊन त्याचे सगळे हक्क घेतले. मात्र त्या लहान कंपनीने करारात एक गोष्ट राखून ठेवली : आमच्या यंत्रांबरोबर आम्ही ही डॉस विकू आणि तुम्हाला त्यासाठी काही देणार नाही.

काही वर्षांत त्या कंपनीचा धंदा बसला, पण हातातला परवाना सोन्यासारखा झाला होता. मालकाने तो परवाना कंपनीसकट विकायला काढला. मायक्रोसॉफ्ट म्हणाली, हा परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मामला कोर्टात गेला आणि १९८६ मध्ये तडजोड झाली. हक्क ५० हजारांना घेतले होते, तो राहिलेला परवाना परत मिळवायला मायक्रोसॉफ्टला ९ लाख २५ हजार डॉलर मोजावे लागले. डॉसचा परवाना हस्तांतरित होतो की नाही, या वादाची किंमत त्या कंपनीला घरच्या अनुभवातून अशी कळली होती. नंतरच्या सगळ्या परवान्यांची भाषा इतकी घट्ट का, हे समजायला मला ही एक हकीकत पुरेशी वाटते.

पुस्तकांच्या बाबतीत असाच वाद फार आधी मिटला होता. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीत छापले की, ही प्रत एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकणे हा हक्कभंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. एकदा प्रत विकली की त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपतो. नव्या प्रती छापण्याचा हक्क त्याचा, विकलेल्या प्रतीचे काय करायचे ते घेणाऱ्याचे. जून महिन्यात आपल्याकडची मुले जुनी क्रमिक पुस्तके निम्म्या किमतीला देतात-घेतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. कोणी त्याला तत्त्व म्हणत नाही, एवढेच.

आपल्याकडे १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त करून संगणक प्रोग्रॅमला 'साहित्यकृती'त बसवले. कविता-कादंबरीच्या पंगतीला विंडोज! पण पंगतीत बसवूनही पान वेगळे वाढले. पुढची दुरुस्ती १९९४ ची, ती मे १९९५ पासून अमलात आली. तिने कलम १४ मध्ये लिहिले की, प्रोग्रॅमची कोणतीही प्रत विकण्याचा वा भाड्याने देण्याचा हक्क फक्त हक्कधारकाचा, मग ती प्रत आधी एकदा विकली गेलेली असली तरी. म्हणजे जुनी कादंबरी विकणे चालेल, पण पैसे मोजून घेतलेली प्रोग्रॅमची फ्लॉपी विकणे चालणार नाही. घेणाऱ्यावर हा उघड अन्याय होता, असे माझे मत आहे.

तो फार काळ टिकला नाही. १९९९ च्या दुरुस्तीने 'आधी विकली गेली असली तरी' या अर्थाचे शब्द गाळले. १५ जानेवारी २००० पासून ते कायद्यात नाहीत. पण कायद्यातून चार शब्द गळाले, म्हणून बाजारातली रीत लगेच बदलत नाही. आणि गळालेल्या शब्दांचा अर्थ काय, हे अधिकारवाणीने कोणी सांगावे लागते.

ते सांगितले गेले करांच्या खटल्यांत. नोव्हेंबर २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, सीडीवर भरून बाजारात विकायला ठेवलेला तयार प्रोग्रॅम हा 'माल'च आहे, त्यावर विक्रीकर लागेल. गंमत पाहा, कर घ्यायचा तेव्हा तो माल, ग्राहकाने पुढे विकायचा तेव्हा नुसता परवाना! २ मार्च २०२१ रोजी याच न्यायालयाने प्राप्तिकराच्या एका खटल्यात आणखी स्पष्ट केले. परदेशी कंपनीचा तयार प्रोग्रॅम घेऊन विकणाऱ्याने कंपनीला दिलेले पैसे हे मालाची किंमत आहेत, कॉपीराइटचे मानधन नव्हे. कायद्याने राखून ठेवला आहे तो नकला काढून त्या विकण्याचा हक्क. घेतलेली प्रत जशीच्या तशी पुढे विकणारा त्यात येत नाही. १९९९ मध्ये शब्द का गळाले, याचीही दखल निकालात आहे.

परदेशात निकाल दोन्ही बाजूंनी लागले. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध निकाल दिला : यंत्राबरोबर द्यायची प्रत कोणी सुटी विकली, तर कंपनीची अट पुढच्या दुकानदाराला बांधत नाही. युरोपीय न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये त्याच्या पुढे जाऊन इंटरनेटवरून उतरवलेल्या, कायमच्या परवान्याच्या प्रतीलाही तेच लागू केले; विकणाऱ्याने मात्र स्वतःची प्रत बाद करायची. अमेरिकेत २०१० मध्ये एका अपील न्यायालयाने उलट म्हटले. जुने ऑटोकॅड विकणारा गृहस्थ तिथे हरला, कारण मूळ घेणाराच मालक नव्हता, परवानाधारक होता.

आपल्या बाजारात सोय झाली ती चिकटपट्टीची. यंत्रासोबत आलेल्या विंडोजचा पुरावा म्हणून डब्यावर एक चकाकती पट्टी असायची, तिच्यावर २५ अक्षरांचा क्रमांक. कंपनीचा नियम असा की, ही विंडोज त्या यंत्राबरोबरच दुसऱ्याकडे जाऊ शकते, सुटी नाही. वेगळी खोक्यातली प्रत घेतली असेल, तर ती आपल्या यंत्रातून काढून दुसऱ्याला देता येते. नियम समजायला अवघड नाही. अवघड होते ते यंत्र म्हणजे काय, हे ठरवणे. जिल्ह्याच्या गावी संगणक एकदा घेऊन तसाच वापरला जात नाही. या वर्षी मेमरी वाढते, पुढच्या वर्षी हार्ड डिस्क बदलते, मग डबा तोच ठेवून मदरबोर्ड नवा. कंपनीच्या लेखी मदरबोर्ड बदलला की यंत्र बदलले; बिघाडामुळे बदलला असेल तर मात्र सूट. पट्टी डब्यावरच राहते. ती आता कशाची साक्ष देते?

२००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीपासून कंपनीने फोनवरून किंवा इंटरनेटवरून प्रत चालू करून घेण्याची सक्ती केली. २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हा यंत्रासोबतचा क्रमांक थेट मदरबोर्डमध्येच जाऊन बसला आणि पट्टीवरून अक्षरे गेली. कायद्याने दार थोडे उघडले होते, तोवर कुलूप तंत्राकडे गेले.

यात एक बाजू विसरता येत नाही. नव्वदच्या दशकात जुळवून विकलेल्या किती यंत्रांत नकली सीडीवरची विंडोज असायची, हे त्या काळी संगणक घेतलेल्यांना विचारावे. आणि परगावची चादर 'सोलापुरी' म्हणून खपवली की काय वाटते, हे सोलापूरला कोणी शिकवायला नको. २००५ मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली ती त्याच चिंतेतून. नकलेला मोकळीक मागणे वेगळे आणि विकत घेतलेली एक प्रत पुढे देणे वेगळे. कंपन्यांच्या कागदात ही दोन्ही एकाच दमात येतात, म्हणून घोटाळा होतो.

घोटाळ्याची झळ बसते ती जुने यंत्र घेणाऱ्या शिकवणीवाल्याला, सायझिंगच्या मालकाला, लहान शाळेला. कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब सांगते की, नकली आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरला, तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकते. मुद्दा 'माहीत असून' या शब्दांचा आहे. विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ न पेलणारी यंत्रे जुन्या बाजारात निघाली आहेत. घेणाऱ्याने मूळ खरेदीचे बिल मागावे, मदरबोर्ड बदलला आहे का ते विचारावे आणि आधीच्या मालकाकडून त्याचे खाते आपल्या डोळ्यांदेखत काढून घ्यावे. बिल नसेल, तर तेवढे पैसे भावातून कमी करून घ्यावेत आणि यंत्रावर लिनक्स बसवावी. ती पुढच्या गिऱ्हाइकाला देताना कोणाला विचारावे लागत नाही.