ताटातले मांस आणि देवळाचे दार

१/ ‘एवढा भक्त, आणि मांस खातो?’ हा प्रश्न आपल्याकडे आजही सहज विचारला जातो. तो खरोखर आहाराविषयीच असतो का? महाभारतापासून महाडपर्यंतचे काही दाखले पाहू. #धागा

२/ वनपर्वातील कौशिक हा वेदाध्यायी तपस्वी. क्रोधाच्या एका दृष्टिक्षेपाने त्याने बगळीचा जीव घेतला होता. एका गृहिणीने त्याला धर्म शिकण्यासाठी मिथिलेला धाडले. तिथे त्याला गुरू भेटला तो मांस विकणारा व्याध.

३/ हा व्याध स्वतः मांस खात नसे. पण त्याने त्याचा तोरा मिरवला नाही. नांगर चालतो तेव्हाही मातीतले असंख्य जीव मरतात, मग पूर्ण अहिंसक कोण, असा त्याचा सवाल होता.

४/ भक्तिपरंपरेतील सजन कसायाची कथा अशीच. तो शाळिग्रामाने मांस तोलत असे. एका ब्राह्मणाने तो शाळिग्राम पूजेसाठी घरी नेला, तेव्हा देवानेच स्वप्नात येऊन ‘मला सजनाकडे परत ने’ असे सांगितले.

५/ तुकोबांच्या अभंगात तर देव सजनासोबत मांस विकतो आणि चोखोबांसोबत ढोरे ओढतो. अभंग गायले गेले. व्यवहार मात्र बदलला नाही.

६/ मेलेली जनावरे ओढण्याचे काम गावानेच महारांवर लादले. दारिद्र्याने ते मांस खायला लावले. मग त्याच मांसाचे कारण पुढे करून त्यांना अपवित्र ठरवले. मृदंगाचे चामडे कीर्तनात चालले. चोखोबांची समाधी मात्र पंढरपूरच्या महाद्वाराबाहेरच राहिली.

७/ मार्च १९२७. महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. अडचण मांसाची असती, तर ती इथे मिटायला हवी होती.

८/ घडले उलटेच. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्यांवर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले गेले. त्याच तळ्यावर अन्य धर्मीयांना मज्जाव नव्हता, गुराढोरांनाही नव्हता.

९/ विठ्ठलमंदिराचे दार दलितांना उघडण्यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. मांस वर्ज्य करणे ही साधना असू शकते. धर्मव्याधाने ती केली. पण त्याच नियमाने दुसऱ्याची भक्ती जोखू लागलो की एकदा तपासावे: आपला आक्षेप ताटाला आहे, की ताटावर बसलेल्या माणसाला?