एका म्यानात दोन तलवारी

परवा आईचा फोन. "अरे, तुझा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन होतो!" गुन्हेगार मीच. जास्त सुरक्षा म्हणून दोन अँटिव्हायरस टाकून आलो होतो.

जरा मागे जाऊ. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंचा 'ब्रेन' व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून पसरला. तेव्हा अँटिव्हायरसचं मुख्य काम एवढंच: सांगाल तेव्हा डिस्क तपासायची, ओळखीच्या व्हायरसच्या खुणा शोधायच्या, मग गप्प बसायचं. आपल्या पुण्याच्या संजय काटकरांनी लिहिलेला क्विक हीलही नव्वदच्या दशकात डॉसवरच सुरू झाला.

मग इंटरनेट आलं. २००० साली 'आय लव्ह यू' ईमेलमधून जगभर पोचला. सांगितल्यावर तपासून भागेना, म्हणून रखवालदार कायमचा दारात बसला. प्रत्येक फाईल उघडताना झडती! मशीन मंदावतं ते इथे. दोन रखवालदार असले की झडतीही दोनदा.

विंडोज ८ पासून (२०१२) डिफेंडर पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजसोबतच येतो. मी दोन्ही काढून तोच ठेवला, पूर्ण स्कॅन आईच्या वामकुक्षीच्या वेळेला लावला. आता चहा गरम असतानाच कॉम्प्युटर तयार असतो. असो, तुमच्या घरी किती रखवालदार आहेत, एकदा मोजाच!