दोन-तीन प्रती पाठवा

गेल्या साली अभ्यासवर्गात मी छाती ठोकून सांगितलं की बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकत होते तेव्हा ते काळ्यांचे पुढारी डॉ. ड्यू बॉईस यांना भेटले, दोघांनी रात्ररात्र चर्चा केली. टाळ्या पडल्या. मागं एक म्हातारे बाबा बसले होते, सगळी हयात गिरणीत घालवलेले. ते एवढंच बोलले, "पोरा, कुठं वाचलंस हे?"

मी म्हणालो, मोबाईलवर आलं होतं.

बाबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

पाळी सुटल्यावर मोबाईल उघडला की दीडशे मजकूर पडलेले असतात. गाझा, युक्रेन, सुदान, अमेरिकेची निवडणूक, मधेच कुणाच्या तरी लग्नाचा नाच. सगळं वाचायचं आणि काहीच धरायचं नाही, अशी आपली गत. मी मूळ कागद हुडकायला बसलो तो लाजेपोटी. भेटीचा पुरावा मला मिळाला नाही. मिळालं एक पत्र. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठानं ड्यू बॉईस यांची कागदपत्रं जपली आहेत, त्यात ते आहे. ज्या मोबाईलवर मी थाप वाचली त्याच मोबाईलवर ते दिसतं.

साल १९४६. त्या उन्हाळ्यात बाबासाहेबांच्या डोक्यावर काय होतं ते बघा. प्रांतिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आपटलं होतं. मे महिन्यात कॅबिनेट मिशनची योजना आली, तिच्यात अस्पृश्यांना वेगळं स्थान नाही. जुलैत पुण्याला सत्याग्रह सुरू झाला, माणसं तुरुंगात जाऊ लागली. घटना समितीवर जायला मुंबईत वाट बंद, म्हणून बंगालमधून निवडून जावं लागलं. रोज बातम्यांचा पूर. त्या पुरातून या माणसानं एक बातमी उचलली: अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला आहे.

आपण असतो तर काय केलं असतं? बातमी पुढं ढकलली असती, वर एक निळा झेंडा चिकटवला असता. बाबासाहेबांनी ड्यू बॉईसना लिहिलं की अस्पृश्यही त्याच वाटेनं जायचा विचार करताहेत, तेव्हा त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळवून पाठवा. म्हणजे बातमीवर भागवलं नाही. मूळ अर्ज मागवला.

आणि मागवला तोही बरोबर माणसाकडून. ड्यू बॉईस हे निवडून वाचायला देणारे संपादक. १९१० साली त्यांनी 'द क्रायसिस' मासिक काढलं, पहिल्या अंकाच्या हजार प्रती. त्यात एक सदर देशभरातल्या काळ्यांच्या बातम्या वेचून द्यायचं, एक इतर पत्रांची मतं, एक काय वाचावं ते. आणि एका पानावर, खटला न चालवता झुंडीनं मारलेल्या काळ्या माणसांची सालवार आकडेवारी. शिवीगाळ नाही, नुसते आकडे. गोऱ्यांच्या पेपरात कोपऱ्यात विखुरलेल्या या बातम्या एका पानावर आल्या आणि त्यांचा आरोप झाला. १९१९ च्या सुमारास खप लाखाच्या घरात गेला. मला हे पान फार मोठं वाटतं, कवितेहून मोठं.

ड्यू बॉईस यांचं उत्तर ३१ जुलै १९४६ चं आहे. अर्ज नॅशनल निग्रो काँग्रेस या लहान संघटनेचा होता, तो त्यांनी सोबत जोडला. एक कोटी तीस लाख काळ्यांच्या वतीनं केलेला अर्ज. आणखी भक्कम पुराव्यांचं निवेदन पुढं होईल, झालं की तेही पाठवीन, असं कळवलं. तुमचं नाव आणि काम ऐकून आहे, असंही लिहिलं. ही ओळ वाचली आणि माझी रात्ररात्रीची चर्चा कोसळली. जिवलग मित्राला कुणी असं लिहीत नाही.

ते मोठं निवेदन १९४७ त गेलं. संयुक्त राष्ट्रांत त्याला दाद लागली नाही. आणि गंमत ऐका: त्याच १९४६ साली हिंदुस्थान सरकारनं दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरच्या अन्यायाचं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांत मांडलं, आणि डिसेंबरात तिथं ठरावही झाला. आफ्रिकेतला अन्याय जगाचा प्रश्न, महारवाड्यातला घरचा! २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत आपले लोक जातीचा प्रश्न घेऊन गेले तेव्हाही सरकारचं म्हणणं हेच होतं. पंचावन्न वर्षांत भाषा तीच. पण दोन बातम्या शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही, आणि मोबाईल त्या शेजारी ठेवत नाही. ते काम आपलं.

दोन-तीन प्रती कशाला, एक का नाही, यावर मी बराच विचार केला. मला वाटतं, एक स्वतःला, बाकीच्या दुसऱ्यांना वाचायला.

दोन्ही पत्रांच्या मी झेरॉक्स काढल्या. मराठी करायला आठ रात्री लागल्या, डिक्शनरी मांडीवर घेऊन. पहिली प्रत त्या बाबांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, आधी तारीख बघितली.